मोबाईलचा विषाणू : लागण होण्याआधीच बंदोबस्त

(हिंगोली जिल्ह्यातील खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी केलेले भाषण)



कृषिविद्या विभागाचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो सोयाबीनचे बियाणे, पेरणीचे अंतर किंवा तुरीचे आंतरपीक यावर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. ती योग्यच आहे. परंतु आज मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. पीककर्ज खात्यात जमा होण्याचे हे दिवस आहेत. कोणाच्या खात्यात हळदीच्या पट्टीची रक्कम आहे, तर कोणी बियाणे आणि खतासाठी पैसे राखून ठेवले आहेत. हे सर्व पैसे आज आपल्या खिशातील मोबाईलला जोडलेले आहेत. म्हणून पिकाच्या रोगाइतकीच मोबाईलच्या रोगाची माहिती असणे गरजेचे झाले आहे.

उदाहरण दूरचे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी क्रमांकावरून लग्नाचे निमंत्रण आले. लग्नाची तारीख ३० ऑगस्ट दिली होती. सोबत पत्रिका असावी अशी दिसणारी एक फाईल होती. वरवर पाहता ती साधी पीडीएफ वाटत होती, प्रत्यक्षात मात्र ते मोबाईलमध्ये बसणारे एक अ‍ॅप होते. त्या फाईलवर बोट ठेवल्यानंतर चोरट्यांना मोबाईलमधील माहिती मिळाली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. प्रकरण पोलीस ठाणे आणि सायबर विभागाकडे गेले. पत्रिका उघडून पाहणे हा आपल्याकडे गुन्हा नाही, उलट न पाहणे हा अपमान समजला जातो. चोरट्याने नेमकी हीच रीत हेरली होती.

विषाणू म्हणजे काय?

सोयाबीन, मूग आणि उडदावरील पिवळा मोझॅक रोग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. हा रोग विषाणूमुळे होतो. विषाणू स्वतः उडत नाही, चालत नाही. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषून निरोगी झाडावर बसते आणि त्याला लागण करते. एकदा झाड पिवळे पडले की कोणतीही फवारणी केली तरी ते बरे होत नाही. म्हणून आपण काय शिफारस करतो? सहनशील वाण घ्या, पिवळे चिकट सापळे लावा, पांढऱ्या माशीचा वेळीच बंदोबस्त करा आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करा. म्हणजे सर्व भर लागण होण्याआधीच्या उपायांवर असतो.

संगणकाच्या विषाणूला हे नाव उगीच पडलेले नाही. तो म्हणजे कोणीतरी मुद्दाम लिहिलेला प्रोग्रॅम. तोही स्वतःहून कोठे जात नाही. त्याला वाहक लागतो. कधी ई-मेलला जोडलेली फाईल, कधी व्हॉट्सअ‍ॅपवरील पत्रिका, कधी संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला गेम, तर कधी पेनड्राईव्ह. पिकात आणि मोबाईलमध्ये एक फरक मात्र आहे. पांढरी माशी झाडाची परवानगी घेत नाही. मोबाईलमधील बहुतेक विषाणू आपली परवानगी मागून आत येतात आणि आपण न वाचता ती देतो. आजच्या भाषणातील मुख्य मुद्दा हाच आहे.

युक्ती जुनीच आहे

१९८६ साली पाकिस्तानातील लाहोर येथे दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपीमधून देशोदेशी पसरला. त्या काळात फ्लॉपी हा वाहक होता. पुढे ई-मेल आले. मे २००० मध्ये फिलिपाईन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू अवघ्या काही तासांत जगभरच्या कार्यालयांमध्ये पोहोचला. ई-मेलसोबत ‘प्रेमपत्र’ अशा नावाची फाईल असे. फाईलच्या नावात ‘टीएक्सटी’ ही अक्षरे दिसत, म्हणून लोकांना ते साधे पत्र वाटे. त्यापुढे असलेली ‘व्हीबीएस’ ही खरी शेवटची अक्षरे संगणक लपवून ठेवीत असे. ती फाईल पत्र नव्हती, प्रोग्रॅम होता. उघडली की त्या संगणकातील सर्व पत्त्यांवर तेच प्रेमपत्र आपोआप जाई. ओळखीच्या माणसाकडून आले म्हणून पुढचा माणूसही ते उघडे.

पंचवीस वर्षांनंतर प्रेमपत्राच्या जागी लग्नपत्रिका आली, एवढाच बदल झाला आहे.

फाईलचे आडनाव पाहावे

प्रत्येक फाईलच्या नावाच्या शेवटी एक टिंब आणि त्यापुढे काही अक्षरे असतात. त्याला आपण फाईलचे आडनाव म्हणू. फोटोचे आडनाव जेपीजी, कागदपत्राचे पीडीएफ, व्हिडिओचे एमपी-४ असते. आडनाव ‘एपीके’ असेल तर ती फाईल पाहण्याची किंवा वाचण्याची वस्तू नाही, ते मोबाईलमध्ये बसणारे अ‍ॅप आहे, हे पक्के लक्षात ठेवावे. लग्नपत्रिका कधीही एपीके नसते. बँकेची सूचना, वाहनाच्या दंडाची पावती, अनुदानाची यादी यांपैकी काहीही एपीके नसते. नाव ‘लग्नपत्रिका डॉट पीडीएफ डॉट एपीके’ असे असले, तरी शेवटचे आडनाव हेच खरे समजावे.

अशी फाईल उघडली की मोबाईल प्रथम इशारा देतो की हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आले आहे. बहुतेक जण घाईने पुढे जातात. नंतर ते अ‍ॅप एसएमएस वाचण्याची, पाठविण्याची आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते. एसएमएसची परवानगी दिली म्हणजे बँकेकडून येणारा ओटीपी आपल्या आधी चोरट्याला दिसतो. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही सोय मुळात दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी केलेली आहे. ती मिळालेले अ‍ॅप पडद्यावरील मजकूर वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. म्हणजे घराची किल्ली तर दिलीच, वर तिजोरीसमोर पाहुण्याला एकटे बसविले, अशी स्थिती होते.

शेतकऱ्यांसाठी मुद्दाम लावलेले सापळे

पीएम किसान योजनेचे वर्षाला ६ हजार रुपये २ हजारांच्या तीन हप्त्यांत थेट बँक खात्यात जमा होतात, हे सर्वांना माहीत आहे. चोरट्यांनाही ते माहीत आहे. म्हणून या योजनेच्या नावाने एपीके फाईली गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असतात. ‘हप्ता अडकला आहे, ई-केवायसी करा, सोबतचे अ‍ॅप घ्या’ असा मजकूर असतो. हप्ता जमा होण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कोणतेही अ‍ॅप लागत नाही. ई-केवायसी करावयाची असल्यास ती योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर, प्ले स्टोअरमधील अधिकृत अ‍ॅपवर किंवा गावाजवळच्या सामायिक सुविधा केंद्रात करावी. ई-पीक पाहणीचे अ‍ॅपसुद्धा प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. कोणी मित्राने ‘मी पाठवतो, लवकर होईल’ म्हटले तरी घेऊ नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ओळखीच्या क्रमांकावरून आले म्हणजे सुरक्षित, असे समजू नये. ज्याच्या मोबाईलला लागण झाली त्याच्या नावाने तीच फाईल त्याच्या सर्व सोयऱ्यांना आणि गटांना जाऊ शकते. मामांच्या क्रमांकावरून आलेली फाईल मामांनी पाठविलेली असेलच असे नाही. अशा वेळी फाईल न उघडता मामांना सरळ फोन लावावा. “मामा, पत्रिका पाठवली का तुम्ही? तारीख कोणती?” एवढे विचारले की निमंत्रणाचा मानही राहतो आणि खातेही वाचते.

संकेतस्थळे पाहताना

शासकीय संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा असतो. पत्ता वाचताना पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग पाहावा आणि तो उजवीकडून वाचावा. पत्त्यात कोठेतरी ‘पीएमकिसान’ हे शब्द असले म्हणून ते संकेतस्थळ शासनाचे ठरत नाही. पिशवीवर बैलाचे चित्र आहे म्हणून आतील बियाणे प्रमाणित ठरत नाही, त्यासाठी आपण प्रमाणपत्राचा टॅग पाहतो, तसेच हे आहे. पत्त्याजवळ कुलपाचे चिन्ह दिसले तरी त्याचा अर्थ इतकाच की मधल्या वाटेवर माहिती कोणी वाचणार नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असे ते कुलूप सांगत नाही.

शोध घेताना सर्वांत वर जाहिराती येतात. बँकेचा किंवा खत कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक तेथून घेऊ नये. तो पासबुकावर, एटीएम कार्डाच्या मागे किंवा पिशवीवर छापलेला असतो. काही संकेतस्थळे उघडताच ‘तुमच्या मोबाईलमध्ये विषाणू सापडला आहे, ताबडतोब हे अ‍ॅप घ्या’ असा लाल अक्षरांत इशारा येतो. हा इशाराच सापळा असतो. तेथे कोणतेही बटण न दाबता ते पान बंद करावे. फुकट सिनेमा आणि पैसे न भरता मिळणारे गेम हा मुलांच्या हातून लागण होण्याचा मोठा मार्ग आहे. ज्या मोबाईलवर बँकेचे व्यवहार होतात तो मुलांना खेळावयास देऊ नये.

ई-मेल आणि पेनड्राईव्ह

शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी सेवा केंद्रे आणि बचत गटांच्या कार्यालयांत आता संगणक आहेत. तेथे बिल, निविदा किंवा मागणीपत्र या नावाने ई-मेल येतात. पाठविणाऱ्याचे फक्त नाव पाहू नये, त्याखालील पूर्ण पत्ता पाहावा. ‘ईएक्सई’ आडनावाची फाईल उघडू नये. झिप फाईल अनोळखी असल्यास तिलाही हात लावू नये. एक्सेलची फाईल उघडल्यावर ती ‘एनेबल कंटेंट’ असे बटण दाबावयास सांगत असेल तर थांबावे. आत दडलेला प्रोग्रॅम त्या बटणानेच सुरू होऊ शकतो.

पेनड्राईव्हचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना तुरीच्या आंतरपीक प्रयोगाची दोन हंगामांची मोजणी मी एकाच पेनड्राईव्हमध्ये ठेवली होती. प्रबंधाची पाने छापण्यासाठी एका दुकानात तो लावला. परत येऊन पाहतो तर प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकटचे चिन्ह! एकही फाईल उघडेना. घाबरून मी तो पेनड्राईव्ह फॉरमॅट केला, म्हणजे स्वच्छ पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी संगणक कक्षातील एका सहकाऱ्याने सांगितले की त्या विषाणूने फाईली फक्त लपविल्या होत्या, त्या परत मिळाल्या असत्या. विषाणूने जे केले नव्हते ते मी घाबरून केले. शेतात लिहिलेल्या मोजणीच्या वह्या ट्रंकेत होत्या म्हणून वाचलो. पुढील अकरा रात्री सर्व आकडे पुन्हा टंकित केले. तेव्हापासून महत्त्वाची माहिती मी दोन ठिकाणी ठेवतो आणि संशय आला तर आधी जाणकाराला विचारतो. आपणही सातबारा, पीकविमा पावती, कर्जाची कागदपत्रे यांची छापील प्रत घरी ठेवावी.

आधीच करून ठेवावयाचे उपाय

१) मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप बसविणे’ ही सोय व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाईल या सर्वांसाठी बंद करून ठेवावी.

२) प्ले स्टोअरमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ सुरू असल्याची खात्री करावी. ते बंद करावयास सांगणारा माणूस चोर समजावा.

३) व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फोटो, व्हिडिओ व फाईली आपोआप उतरण्याची सोय बंद ठेवावी.

४) मोबाईल व संगणक अद्ययावत करण्याची सूचना आली की ती टाळू नये. शोधून काढलेली भोके त्यातून बुजविली जातात.

५) अ‍ॅप परवानगी मागेल तेव्हा त्याचे काम काय, याचा विचार करावा. हवामानाच्या अ‍ॅपला एसएमएस वाचण्याचे कारण नाही. विजेरीच्या अ‍ॅपला आपल्या सोयऱ्यांचे क्रमांक कशाला हवेत?

६) मोठी रक्कम असलेले खाते आणि मोबाईलवरील रोजच्या देवघेवीचे खाते वेगळे ठेवावे. रोजच्या खात्यात गरजेपुरतीच रक्कम ठेवावी. सर्व बियाणे एकाच पेवात ठेवू नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलेच आहे.

७) केंद्र शासनाच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून विषाणू शोधण्याची व काढण्याची साधने मोफत उपलब्ध करून दिली आहेत. कार्यालयातील संगणकासाठी त्यांचा उपयोग करावा.

लागण झाल्यास काय करावे?

फाईल चुकून उघडली गेली, अ‍ॅप बसले, असे लक्षात आल्यास घाबरू नये, पण वेळही दवडू नये. पुढील क्रम पाळावा.

प्रथम मोबाईलचा डेटा व वायफाय बंद करून तो ‘विमान’ स्थितीत टाकावा. म्हणजे चोरट्याशी असलेला संपर्क तुटतो. त्यानंतर घरातील दुसऱ्या मोबाईलवरून बँकेला कळवून खाते, कार्ड व यूपीआय बंद करण्यास सांगावे. पैसे गेले असल्यास लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार द्यावी. चोरट्यांच्या खात्यातून रक्कम पुढे काढली जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ती रोखता येण्याची शक्यता असते. येथे तासांना नव्हे, मिनिटांना महत्त्व आहे. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी. संदेश, फाईलचे नाव व पैसे गेल्याचे एसएमएस पुसू नयेत, तो पुरावा आहे.

पासवर्ड आणि पिन दुसऱ्या मोबाईलवरून बदलावेत, लागण झालेल्या मोबाईलवरून बदलू नयेत. नाहीतर नवा पिनही चोरट्याला मिळेल. नंतर जाणकाराकडून ते अ‍ॅप काढून टाकावे. पोलिसांना पुरावा दाखवून झाल्यावर मोबाईल फॅक्टरी रिसेट करणे सर्वांत खात्रीचे. रोगट झाड उपटावेच लागते. आणि आपल्या सर्व गटांवर ‘माझ्या क्रमांकावरून आलेली फाईल उघडू नका’ असे लगेच कळवावे, म्हणजे साथ पुढे पसरणार नाही.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी बँकांना दिलेल्या सूचनांमध्ये असे म्हटले होते की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाने सोसावे आणि कळविल्यानंतरचे बँकेने. यावरून लवकर कळविणे किती मोलाचे आहे, हे लक्षात येईल.

लाज धरू नये

अनेक जण फसल्यानंतर दोन-दोन दिवस घरातही सांगत नाहीत. लोक हसतील, मुलगा रागावेल, ही भीती असते. बंधूंनो, ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणेत असाच घातक प्रोग्रॅम शिरवून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. जेथे संगणकाचे तज्ज्ञ नोकरीला होते तेथेही हे घडले. तेव्हा फसणे ही अडाणीपणाची खूण नाही. लपविणे मात्र नुकसानीचे आहे. घरातील मुलांनाही माझी विनंती आहे. वडील विचारावयास आले तर “तुम्हाला काही कळत नाही” असे म्हणू नका. तसे ऐकलेला माणूस पुढच्या वेळी विचारणार नाही, आणि तीच वेळ नेमकी घाताची ठरेल.

शेवटी एवढेच सांगतो. येथे सांगितलेले सर्व लक्षात राहिले नाही तरी चालेल. कोणतीही फाईल किंवा दुवा समोर आला की बोट ठेवण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा : “हे मी मागितले होते का?” मागितले नसेल तर उघडू नका. पाठविणाऱ्याला फोन करा, खात्री करा, मगच पुढे जा. दारावर आलेल्या अनोळखी माणसाकडून आपण बिनपावतीचे बियाणे घेत नाही. मोबाईलच्या बाबतीत तीच सवय लावून घेतली, तर आपल्या घामाचा पैसा आपल्याच पेरणीला उपयोगी पडेल.

 आपला खरीप हंगाम चांगला जावो, ही सदिच्छा.